भुंकणाऱ्या बेडकाच्या गावी

"बाबा म्हणतायत, जपानात कुत्र्यासारखा भुंकणारा बेडूक आहे आणि तो त्यांना ऐकायचाय," कौस्तुभ म्हणाला आणि त्याने स्वयंपाकघराचं दार हलकेच लोटून घेतलं. "अनघा, मला आता खरंच भीती वाटायला लागलीय."

बाबा म्हणजे माझे सासरे. गडहिंग्लजच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात त्यांची ओळख 'बेडूकवाले सर' हीच. दर पावसाळ्यात पोरापोरींना एसटीत घालून आंबोलीला न्यायचे आणि चिखलात उभं करून बेडूक ऐकायला लावायचे. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात, स्कूटरवरून भाजी आणतात, कुणाला काही मागत नाहीत. आम्ही फारच मागे लागलो तेव्हा या मे महिन्यात ते आमच्याकडे जपानात, निशी-कसाईला आले.

पण आल्यापासून काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. "बाबा, आज प्लास्टिकचा कचरा," असं सांगितलं की ते मान डोलवायचे आणि जळाऊ कचऱ्याची पिशवी खाली ठेवून यायचे. "येताना दूध आणाल का?" असं विचारलं तर म्हणायचे, "हो, ऊन आहे खरं." आमची ईरा दुसरीत आहे. ती बारीक आवाजात निम्मं मराठी, निम्मं जपानी बोलते. तिच्या सगळ्या प्रश्नांना आजोबांचं एकच उत्तर, हसू. "आजोबा मुशी करतात," ती एक दिवस मला म्हणाली. मुशी करणं म्हणजे दुर्लक्ष करणं. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशीच झाली.

कौस्तुभने पुण्यातल्या एका डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती, स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी. माझ्या नणंदेच्या सोसायटीत एक फ्लॅटही बघून ठेवला होता. स्कूटर बंद, गडहिंग्लजचं घर बंद, बाबा पुण्याला. बाबांना यातलं अक्षरही सांगितलेलं नव्हतं. आणि त्यात आता हा भुंकणारा बेडूक.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर शोधलं. बेडूक खरा निघाला! नागानो प्रांताच्या दक्षिण टोकाला नेबा नावाचं खेडं आहे, तिथल्या डोंगरात तो राहतो आणि 'वान्' असा ओरडतो. जपानी कुत्राही 'वान्' असाच भुंकतो. मी कौस्तुभला मेसेज टाकला, "बाबा बरोबर आहेत." उत्तर आलं, "तरी डॉक्टरकडे न्यायचंच."

तरी बाबांना आधी नेबाला न्यायचं ठरलं, पण कौस्तुभच्या प्रोजेक्टचं रिलीज नेमकं त्याच आठवड्यात होतं. त्यामुळे रजा मी टाकली. बाबांबरोबर एकटीने प्रवास करायची माझी ही पहिलीच वेळ. आमच्यात कधी वाद नव्हता, पण गप्पाही नव्हत्या. इतकी वर्षं फोनवर "बरी आहेस ना?" "हो बाबा" एवढं झालं की फोन कौस्तुभकडे जायचा.

ईदाच्या वाटेवर

शिंजुकूहून डोंगरातल्या ईदा शहराला बस जाते. जपानी बसमध्ये माणसं खोकतात तेसुद्धा आधी परवानगी काढल्यासारखी. अशा बसमध्ये बाबांनी शहर मागे पडताच वर्गात उभं राहिल्यासारखं सुरू केलं, "अनघा, हा बेडूक का वेगळा धरला ते सांगतो, ऐक."

मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी आवाज खाली आणला आणि दोन वाक्यांत तो परत होता तिथे गेला.

"तागो-गाएरु म्हणून एक तपकिरी बेडूक आहे. गाएरु म्हणजे बेडूक. होन्शू, शिकोकू, क्यूशू, या सगळ्या बेटांच्या डोंगरांत सापडतो. ओढ्याकाठी दगडांखाली पाणी झिरपतं ना, तिथं आत राहून अंडी घालतो. सहसा दिसत नाही, नुसता ऐकायचा. आता या नेबाच्या डोंगरात दगडांखालून दोन तऱ्हेचे आवाज यायचे. एक नेहमीचा, घुमल्यासारखा. दुसरा भुंकल्यासारखा."

"एकाच जातीचे दोन सूर असतील," मी म्हणाले.

"आँ?"

मी त्यांच्याकडे वळून परत सांगितलं.

"तसंच वाटणार की! दिसायला जवळजवळ सारखेच. पण पेशी तपासल्या, तर नेहमीच्याची गुणसूत्रं सव्वीस आणि भुंकणाऱ्याची अठ्ठावीस. संपलं! वेगळी जात. एका ओढ्यात राहतात, शेजारी शेजारी, पण सोयरीक नाही." ते खूश होऊन हसले. "आणि राज्य केवढं? नकाशावर अंगठा ठेवला तर झाकून जाईल. जगात बाकी कुठं नाही."

"मग बेडकीला कसं कळतं, कुणाकडे जायचं?"

"ऐकून! तिला तर अंधारात दुसरं काय दिसतंय?"

तेवढ्यात चालकाने ध्वनिक्षेपकावरून अतिशय मऊ आवाजात विनंती केली की प्रवाशांनी एकमेकांची काळजी घेऊन हळू बोलावं. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आलं काय ईदा?" मी मागेपुढे वाकून सगळ्यांची माफी मागितली. पलीकडच्या आजींनी मला एक लिमलेटची गोळी दिली. माझी दया आली असावी.

ईदाला उतरून आम्ही भाड्याची छोटी गाडी घेतली. वाटेत एका दुकानात गोहेइ-मोची खाल्ली. भात कुटून काठीला थापायचा, वर अक्रोड आणि मिसो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, यांची चटणी लावून निखाऱ्यावर भाजायचा. बाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "ह्यात जरा लसूण पडायला पाहिजे होता," म्हणाले आणि दुसरी मागवली.

दुकानामागे नुकतीच लावणी झालेली भातखाचरं होती. आभाळ भरून आलं होतं आणि बेडूक ओरडत होते. बाबा बांधावर जाऊन उकिडवे बसले. हा इथला छोटा हिरवा बेडूक परवापरवापर्यंत सगळ्या जपानात एकच समजत होते; आता पूर्वेकडचा वेगळा आणि पश्चिमेकडचा वेगळा धरतात, दोघांची सीमा क्योतोच्या आसपासच्या भागातून कुठूनतरी जाते, असं त्यांनी मला सांगितलं. आपल्याकडेही तेच चाललंय म्हणाले. "मी ज्याला एक म्हणून शिकवलं, त्याचे आता चार झालेत. पोरं विचारतात, सर, मग आमचे पेपर चुकीचे तपासले काय!"

मग थोडं थांबून म्हणाले, "पण दोनचारच राहिलेत बघ इथं."

मला तर सगळं खाचर ओरडतंय असं वाटत होतं. पण त्यांचा कान तयार, माझा अडाणी. आवाजांतून जाती मोजत असतील, असं मी धरून चालले.

"गडहिंग्लजलाही तसंच झालंय," ते उठता उठता म्हणाले. "दोन-तीन वर्षं झाली. पाऊस पडतोय, डबकी भरतायत, पण बेडूक नाहीत. रातकिडेसुद्धा गेले. संध्याकाळी अंगणात बसलो की असं वाटतं, सगळं गाव उठून गेलंय आणि आपणच मागं राहिलोय."

मला ते पटलं. अशा बातम्या आपण रोज वाचतोच.

कुमागाई-सानचं घर

नेबाला हॉटेल नव्हतं, निदान आम्हाला परवडेल आणि आवडेल असं नव्हतं. कुमागाई-सान नावाच्या सत्तरी पार केलेल्या बाई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, तिथे आम्ही उतरलो. मागे सीडरचं रान, पुढे चहाची चार झुडपं. बाई ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या, पण आवाज असा भरदार की फोनवर कुणीही त्यांना पुरुष समजेल.

जेवणाआधी आंघोळ, हा तिथला शिरस्ता. आधी बाहेर अंग धुवायचं आणि मग गरम पाण्याच्या टबात नुसतं बसायचं. ते पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच असतं. बाबा आत गेल्यावर मला आठवलं की हे सांगायचंच राहिलं. मी दाराबाहेरून ओरडले, "बाबा, टबातलं पाणी सोडू नका! नंतर आम्हालाही त्यातच बसायचंय!"

"बरं बरं," आतून आवाज आला.

बऱ्याच वेळाने बाबा लालबुंद होऊन प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले. "टब घासून, पाणी सोडून, स्वच्छ करून ठेवलाय. पुढच्याला त्रास नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कुमागाई-सानसमोर जवळजवळ लोटांगण घातलं. त्या आधी न्हाणीघरात डोकावल्या, मग मांडीवर थाप मारून इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "माझा टब इतका स्वच्छ लग्नानंतर पहिल्यांदाच झालाय," म्हणाल्या आणि परत नळ सोडला. बाबांना मी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा तेही हसले. पण नंतर खोलीत चटईवर बसून मला म्हणाले, "तू सांगितलं होतंस काय? मला आठवत नाही गं."

कौस्तुभला कळवायला मी फोन काढला आणि परत ठेवून दिला.

जेवायला रानभाज्यांची भजी, भात, सूप आणि एका वाटीत गोड मसाल्यात शिजवलेल्या पांढऱ्या अळ्या. माझा हात जागच्या जागी थांबला. बाबांनी चष्मा वर केला, एक अळी काडीवर घेऊन निरखली, "गांधीलमाशीची दिसते," असं म्हणून तोंडात टाकली, आणि मग वाटीच जवळ ओढली. कुमागाई-सानना हा पाहुणा फारच पसंत पडला. मी नेलेला ठेचा त्यांनी चाखला. डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ठेच्याच्या डबीला वाकून नमस्कार केला आणि आणखी घेतला.

गंमत म्हणजे, त्या जपानीत बोलायच्या, बाबा मराठीत, आणि तरी दोघांचं छान जमत होतं. त्या "ओचा?" म्हणाल्या की बाबा कप पुढे करायचे. त्यांनी भात हवा का विचारलं की "अर्धाच." माझ्या मराठी प्रश्नांना मात्र "आँ?" व्हायचं. मला जरा रागच आला, खरं सांगायचं तर.

सव्वीसवाला आणि अठ्ठावीसवाला

सकाळी कुमागाई-सान गमबूट घालून पुढे निघाल्या. घरामागे अळंबी उगवायला उभी केलेली लाकडं होती. ती ओलांडून रानात शिरलं की पाण्याची एक बारीक धार दगडांमधून येते. ओढा म्हणावा इतकीही ती मोठी नाही. शेवाळ, ओली पानं आणि सीडरचा वास. बाईंनी हाताने आम्हाला खाली बसायची खूण केली.

बसलो. काहीच नाही. डास मात्र आले.

आणि अचानक माझ्या पायाखालून, अगदी जमिनीच्या आतून, "वान्!"

मी दचकून मागे सरकले. कुणीतरी कुत्र्याचं पिल्लू पुरून ठेवलंय आणि ते जिवंत आहे, असंच वाटलं. परत "वान्!" आणि पलीकडच्या दगडाखालून वेगळाच, घशात घुमवलेला "गूं... गूं..."

बाबा गुडघ्यांवर गेले होते. पँट चिखलात, एक कान जवळजवळ दगडाला टेकलेला. त्यांनी बोट उचललं. "हा अठ्ठावीसवाला." मग पलीकडे बोट. "हा सव्वीसवाला. ऐकलास? हा परत अठ्ठावीस. हा दुसरा आहे, जरा लांब, त्या मुळाच्या खाली." प्रत्येक आवाजाची जागा ते दाखवत होते आणि एकदाही चुकत नव्हते. बेडूक एकही दिसला नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती.

कुमागाई-सान एका ओंडक्यावर बसून आमच्याकडे बघत होत्या. "लहानपणी आम्हाला वाटायचं, सगळीकडचे बेडूक असेच ओरडतात," त्या म्हणाल्या. "मी लग्नाआधी नागोयाला कामाला होते. तिथे मैत्रिणींना म्हटलं, बेडूक भुंकतात तसं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पुढे कधीतरी विद्यापीठातले लोक आले आणि आमचे बेडूक मोठे झाले."

मी बाबांना हे सांगितलं. ते ताठ बसले आणि म्हणाले, "त्यांना सांग, माझा मुलगापण माझ्याकडे तसाच बघत होता."

म्हणजे यांना कळत होतं. त्या दगडावर बसून, चिखलाने माखलेल्या हातांनी ते मला तागो-गाएरुच्या भाऊबंदांची नावं, त्यांचे प्रदेश, कुणाला कधी वेगळं काढलं हे घडाघडा सांगत होते. अशा माणसाचं डोकं उतरणीला लागलंय, हे मला काही केल्या पटेना.

नदीवर

दुपारी कुमागाई-साननी नदीकडचा रस्ता दाखवला. "आता काजिका ऐकून या," म्हणाल्या. "भुंकणं ऐकलंत, आता गाणं ऐका."

काजिका हा जपान्यांचा लाडका बेडूक. नावाचा अर्थ नदीतलं हरीण. त्याच्या आवाजासाठी पूर्वी लोक त्याला पिंजऱ्यात पाळायचे, आपण पोपट पाळतो तसे. बाबांना त्याच्याबद्दल वेगळीच आपुलकी होती. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मला त्याचं गोत्र सांगितलं. "आपल्या आंबोलीचे झाडबेडूक आणि हा, एकाच कुळातले. याची शाखा फार पूर्वीच फुटली. ती राहिली जपान, तैवान अशा बेटांकडं, आणि दुसरीतले आपल्याकडं सह्याद्रीत झाडांवर चढून बसले. हा मात्र नदीच सोडत नाही. म्हणजे आपला लांबचा पाहुणाच की. भेटायला नको?"

याहागी नदी तिथे अजून लहान आहे. स्वच्छ पाणी, मोठमोठे करडे दगड, दोन्ही बाजूंना उतरतं रान. मी गाडीचं दार उघडलं आणि तिथेच थांबले. सगळी नदी वाजत होती. फी-फी-फी-फी... कुणी बारीक बासरीवर एकच स्वर थरथरवत ठेवावा तसं. एक थांबला की पलीकडचा, त्याच्या मागे तिसरा. मी झाडांकडे बघितलं, पक्षी शोधायला. पण आवाज पाण्यातूनच येत होता.

बाबा काठी टेकत दगडांवरून पुढे गेले आणि एका सपाट दगडावर बसले. मी मागेच राहिले. म्हटलं, त्यांना निवांत ऐकू द्यावं. बराच वेळ ते मान जराशी तिरपी करून बसले होते. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"नाहीत," ते म्हणाले. "इथंही संपले."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसायला तोंड उघडलं तर त्यांचे डोळे भरलेले.

"एवढं स्वच्छ पाणी आहे. दगड आहेत. सगळं जसंच्या तसं आहे, आणि बेडूक नाहीत. सगळीकडंच संपत आलंय, अनघा."

त्यांच्या चारी बाजूंनी बेडूक गात होते.

ते परत नदीकडे वळले. मी चार पावलं पुढे होऊन त्यांच्या पाठीमागे गेले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, चहा घेऊ या?" काहीच नाही. घसा साफ केला. कुमागाई-सानसारखा भरदार, खालचा आवाज लावला. "बाबा, चहा."

"घेऊ की," ते वळून म्हणाले.

दूध आणि ऊन. प्लास्टिक आणि जळाऊ. न्हाणीघराचं दार. ईराचा चिमणीसारखा आवाज. गडहिंग्लजचे रातकिडे. बाबा काही विसरत नव्हते. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. आणि घरात एकट्याने राहणाऱ्या माणसाला हे सांगणार कोण? जग हळूहळू गप्प झालं, आणि त्यांनी ते खरं मानलं.

पण सासऱ्यांच्या तोंडावर "तुम्हाला ऐकू येत नाही" असं म्हणायचं कसं? थर्मासमधला चहा मी त्यांच्या हातात दिला आणि दगडांमधून एकेक बेडूक शोधत सुटले. पाण्यात बूट भिजले, एकदा आपटले, कोपर सोलवटलं. शेवटी दिसला. लिंबाएवढा, अगदी दगडाच्याच रंगाचा, पाण्यातून वर आलेल्या टोकावर ऐटीत बसलेला. मी बाबांना हाताने बोलावलं.

ते सावकाश आले, वाकले. बेडकाने आम्हाला जुमानलं नाही. त्याचा गळा फुग्यासारखा भरला आणि थरथरायला लागला. इतक्या जवळून तो आवाज माझ्या कानाला टोचत होता.

बाबा बघत राहिले. गळा रिकामा झाला, परत भरला, परत थरथरला. त्यांनी एकदा बेडकाकडे बघितलं, एकदा नदीकडे. आपल्या उजव्या कानाजवळ त्यांनी दोन बोटं चोळून बघितली. मग डाव्या.

"गळा तर हलतोय," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू मी पहिल्यांदाच ऐकला. "आवाज येतोय?"

मी मान डोलावली.

"तुला येतोय?"

"येतोय, बाबा." मी जाड आवाजात, सावकाश म्हटलं. "याचा येतोय. त्या पलीकडच्याचा येतोय. सगळी नदी वाजतेय."

ते खाली बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. आता त्यांना वाईट वाटेल, अपमान वाटेल, काय बोलावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं, म्हणजे आहेत सगळे?"

"हो."

"मग गडहिंग्लजचेपण असतील?"

"असणारच की, बाबा."

"रातकिडे?"

"तेही."

आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहतंय, चहा सांडतोय आणि माणूस हसतोय. "मी म्हातारा झालोय होय नुसता!" ते म्हणाले. "एवढंच झालंय होय! मला वाटलं, सगळंच गेलं."

माझ्या मोबाइलवर ईराने एक ॲप घालून ठेवलंय; त्यात आपला आवाज राक्षसासारखा करता येतो. मी त्या बेडकाजवळ फोन धरून रेकॉर्ड केलं, पट्टी खूप खाली उतरवली आणि इअरफोन बाबांच्या कानात घातले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. एका हाताची बोटं गुडघ्यावर त्याच्या लयीत हलत होती.

"घसा बसलाय बिचाऱ्याचा," शेवटी म्हणाले. "पण लय आली हातात. परत लाव."

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. परत आल्यावर आमच्या स्टेशनजवळच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. त्यांच्या कागदावरची रेघ खालच्या सुरांना सरळ चालत होती आणि वरच्या सुरांकडे कड्यावरून पडल्यासारखी खाली आली होती. पुण्याची तपासणीही कौस्तुभने करवलीच. तिथल्या डॉक्टरांनी दोन गप्पा मारून त्यांना घरी पाठवलं. फ्लॅटचा विषय निघाला नाही. आता बाबांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि त्यांच्याबद्दल त्यांच्या पुष्कळ तक्रारी आहेत. ईरा आजोबांशी बोलताना हनुवटी छातीला टेकवून जाड आवाज काढते. तिला तो एक खेळच झालाय.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी नदीवरच बाबांनी मला कौस्तुभला फोन लावायला सांगितलं. तो ऑफिसात होता, घाईत होता. बाबांनी फोन तोंडासमोर धरला.

"कौस्तुभ, माझं डोकं ठीक आहे. कान गेलेत. तुम्ही दोघं माझ्याबद्दल काय बोलता ते ऐकू येत नसलं तरी तोंडं दिसतात मला. डॉक्टरकडं जायचं तर कानाच्या जाऊ."

पलीकडून कौस्तुभ काहीतरी बोलला. बाबांना ते समजलं नाही आणि त्यांनी ते समजल्याचं सोंगही केलं नाही. सरळ फोन माझ्याकडे दिला. "बाबांना सांग, सॉरी," कौस्तुभ म्हणाला. मी सांगितलं. बाबांनी हात झटकला आणि फोन परत माझ्याकडून घेऊन नदीच्या दिशेने लांब धरला, मग माझ्या कानाला लावला.

"काय म्हणतोय?" त्यांनी मला विचारलं.

"विचारतोय, हे कुठले पक्षी आहेत."

"पक्षी!" बाबा फोन तोंडाशी नेऊन ओरडले. "अरे, बेडूक आहेत, बेडूक! आपल्या कुळातले!" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "किती असतील गं?"

मी नदीकडे कान दिला. "मोजता येणार नाहीत, बाबा."

"मोजता येणार नाहीत इतके आहेत," त्यांनी आपल्या मुलाला सांगितलं.